फळ्यावरची रेघ

डेव्हेंटर, रविवार, ७ नोव्हेंबर १९७१

प्रिय लीदा,

तुझे पाकीट गुरुवारी दुपारी मिळाले. पाच वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. ते अजूनही डावीकडे झुकते. पाकिटात तुझी सरावाची वही होती आणि तिला टाचलेली चिठ्ठी: "बाबा, पान चौदा. सही करा, नाहीतर करणार नाही असे कळवा. परीक्षेचा अर्ज १५ डिसेंबरपर्यंत द्यायचा आहे." याखेरीज एकही शब्द नाही. ग्रोनिंगनला थंडी कशी आहे, तू कुठे राहतेस (पाकिटावर पत्ता कारखान्याचाच आहे), पाच वर्षे दुसऱ्यांच्या केकला वेष्टणे गुंडाळून तुझ्या हातांची काय अवस्था आहे, काही नाही.

सही करणे हे एका क्षणाचे काम आहे असे तुला वाटत असेल. तसे ते नाही. कोणतीही गोष्ट पायरीपायरीने पाहिली की सोपी होते, असे मी सायंशाळेत तेवीस वर्षे बेकरी शिकवताना सांगत आलो आहे. तीच पद्धत आपण येथेही वापरू.

प्रथम कणीक. राय हे धान्य गव्हासारखे आज्ञाधारक नाही. गव्हाची कणीक ताणली की ताणते. रायची कणीक चिकटते, रुसते, पाणी पिऊन बसून राहते. म्हणून आपल्या आधीच्या केकवाल्यांनी तिला पाणी दिलेच नाही. त्यांनी मध आणि काकवी उकळली, गरम असतानाच पिठावर ओतली, आणि पिंपे झाकून तळघरात ठेवून दिली. खरी नवलाई येथे आहे, लीदा, आणि ती मला दर वेळी नव्याने थक्क करते. तीन महिने कोणी बोटही लावत नाही, तरी आत काम चाललेले असते. पिठातली गोडी मोकळी होते, हलकी आंबटाई येते, आणि ती आंबटाई पोटॅश या क्षाराची वाट पाहत थांबते. पोटॅश पडला की दोघांची गाठ पडते, वायू सुटतो, आणि दगडासारखी कणीक भट्टीत श्वास घेऊ लागते. यीस्ट नको, अंडे नको, लोणी नको. लोणी नंतर, कापावर, आणि तेही बोटभर.

दुसरी पायरी मोडणीची, म्हणजे मुरून घट्ट झालेली कणीक फोडून मऊ करण्याची. तू नऊ वर्षांची असताना आपल्या तळघरातल्या कारागिराला, टूनिसला, पिंपातून कणीक फावड्याने काढताना पाहून विचारले होतेस, "बाबा, ही कणीक आहे की रस्ता?" हे वाक्य मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगतो. विद्यार्थी हसतात आणि मुरलेली कणीक म्हणजे काय ते कधीच विसरत नाहीत.

तिसरी पायरी पोटॅशची, आणि पान चौदा येथे येते. कणकेत पोटॅश मिसळला की तो दिसत नाही. वास येत नाही. मधाच्या आणि लवंगेच्या गर्दीत जिभेलाही सापडत नाही. तो एकदा पडला आहे की दोनदा, हे भट्टीतून केक निघेपर्यंत कोणाला कळत नाही. म्हणूनच माझ्या वडिलांनी प्रत्येक काठवटीवर काळा फळा लावला. एका घाण्याला एक ओळ. जो पोटॅश ओततो त्याने त्याच क्षणी खडूने रेघ मारायची, जो मसाला घालतो त्याने फुली. फळा पुसायचा फक्त सोमवारी, सर्वांसमोर. चाळीस वर्षांत या पद्धतीने एकदाही दगा दिला नव्हता.

तुझ्या वहीत एकवीस पाने आहेत, आणि बेकरीच्या परीक्षेला बसायचे तर प्रत्येकावर शिकवणाऱ्याची मान्यतेची सही लागते. वीस पानांवर माझी सही आहे, आणि प्रत्येक सही करताना मला अभिमान वाटला होता. पान चौदावर, 'फुगवण-द्रव्यांची हाताळणी' या शीर्षकाखाली, शेऱ्याच्या रकान्यात माझेच अक्षर आहे: "असमाधानकारक. फळ्यावरील सूचनेकडे दुर्लक्ष. ल. रूसिंक, २९ ऑगस्ट १९६६." ते मी रागाने लिहिले नव्हते. फळ्यावर रेघ होती, काठवटीत पोटॅश दुप्पट होता, आणि दुसरा पोटॅश तू ओतल्याचे तू स्वतः सांगितलेस. साबणाच्या चवीचे सहाशे केक बाजारात गेले. नगराध्यक्षांनी एक काप खाल्ला, छान आहे म्हणाले, आणि लागोपाठ तीन पेले पाणी प्यायले. धक्क्यावरची मासेवाली अजून मला पाहिले की ओरडते, "रूसिंक, अंगाचे दोन द्या आणि कपड्यांचा एक!" मी टोपी उचलून पुढे जातो.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. तू मला एका ओळीचे पत्र लिही: "घाईत माझे फळ्याकडे लक्ष गेले नाही." त्यावर तारीख घाल. त्या आधारावर मला शेरा बदलता येईल, सही करता येईल, आणि नियमही राहील. चूक मान्य करणारा कारागीर चूक न करणाऱ्यापेक्षा भरवशाचा असतो, असे मी मानतो.

घरी सर्व ठीक आहे. टूनिस नव्या वर्षात निवृत्त होतो. त्याच्यानंतर पिंपांची नाडी कोणाला कळणार हा प्रश्नच आहे. तुझे पाकीट आईने पाहिले. तिने संध्याकाळी केकची कड कापली आणि तुझ्या जुन्या ताटलीत ठेवली. कड तुला आवडते म्हणून ती अजून कोणाला देत नाही. सकाळी ती कड कोंबड्यांना गेली.

तुझे,
बाबा


डेव्हेंटर, मंगळवार, १६ नोव्हेंबर १९७१

प्रिय लीदा,

तू माझे पत्र मलाच परत पाठवलेस. शेवटच्या पानाच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने लिहिले आहेस: "राय, मध, पोटॅश मला येते. आमच्या मुकादमाकडे तुमचे पुस्तक आहे. पान एकसष्टवर मी आहे. नाव नाही, पण मीच आहे. तो ते आम्हाला जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवतो आणि म्हणतो, 'बायांनो, अशा होऊ नका.' बाबा, फळ्यावर रेघ होती की नव्हती?"

पान एकसष्टविषयी मला खुलासा केला पाहिजे. पाठ्यपुस्तकात उदाहरण लागते. 'एका बेकरीतील एका मुलीने फळा न वाचता पोटॅश ओतला' हे वाक्य मी कोणाला दुखावण्यासाठी घातले नाही. नियम सांगितला तर विद्यार्थी जांभई देतात. सहाशे केक वाया गेले म्हटले की वह्या उघडतात. दोन आवृत्त्या संपल्या, तिसरी छापखान्यात आहे. ते पुस्तक ग्रोनिंगनपर्यंत पोहोचले असेल, आणि तेही तुझ्या टेबलापर्यंत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

तुझ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्या आठवड्याची नोंद पूर्ण असावी म्हणून काही बारकावे लिहितो. मागे ते मी लिहिले नव्हते, कारण त्यांचा निर्णयाशी संबंध नव्हता.

गुरुवारी, २५ ऑगस्टला, दुसऱ्या गावच्या शाळांतील सात शिक्षक आपली बेकरी पाहायला आले होते. मी त्यांना सर्व क्रमाने दाखवत होतो. तू दुकानात आईला मदत करत होतीस. तिसऱ्या काठवटीपाशी मी पोटॅशविषयी बोललो. मला वाटते मी त्या दिवशी चांगले बोललो. आंबटाई तीन महिने वाट पाहते हे वाक्य मला तेथेच सुचले, आणि त्यांच्यातली एक बाई ते लिहून घेऊ लागली. पुढे आम्ही तळघरात पिंपे पाहायला उतरलो.

शुक्रवारी सकाळी केक कापले. नेहमीप्रमाणे कडा वेगळ्या केल्या आणि मी एक कड तोंडात टाकली. रंग किंचित गडद होता, मधोमध केक जरासा बसला होता, आणि घास गिळल्यावर जिभेच्या मुळाशी साबण उरला. मला तेव्हाच कळले. तरी केक मी पाठवले. चार दिवस मुरल्यावर चव निवते असे मी स्वतःला समजावले. ती निवत नाही. हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो.

म्हणजे बाजारातल्या नाचक्कीचा निम्मा वाटा माझा आहे. केक तेथेच अडवता आले असते. एवढे मी मान्य करतो.

त्या डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाला वाचलेल्या कवितेबद्दल तू काही लिहिले नाहीस. पण तू त्याबद्दल लिहिले नाहीस म्हणूनच ती माझ्या डोक्यात आहे. भेटी वाटणाऱ्या संताच्या, सिंटच्या नावाने ज्याची त्याची खोड काढायची, ज्याच्या नावाची पुडी निघेल त्याने आपली कविता आपणच उभे राहून वाचायची, आणि कोणी लिहिली ते कोणी विचारायचे नाही, ही आपल्याकडची चाल. टूनिसच्या घोरण्यावर कविता होती, आईच्या हरवणाऱ्या चष्म्यावर होती. तुझ्या पुडीत होती ती अशी:

रेघ फळ्यावर ठळक तरीही दिसली नाही जिला,
तिच्या केकने गाव धुतले, साबण कशास, बोला?

सगळे हसले. तू दोन्ही ओळी वाचल्यास, आवाज न चढवता, आणि कागदाची चौपदरी घडी घालून खिशात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तू गेलीस. ती कविता मी लिहिली होती, हे तुला ठाऊक आहे. घरात यमक जुळवणारा दुसरा कोणी नाही. थट्टेने ताण सैल होईल असा माझा हिशेब होता.

आता तुझा प्रश्न. सोमवारी मी सर्वांना तिसऱ्या काठवटीपाशी बोलावले तेव्हा फळ्यावर रेघ होती. आईने पाहिली, टूनिसने पाहिली, तू स्वतः पाहिलीस.

तुझे,
बाबा


डेव्हेंटर, रविवार, २८ नोव्हेंबर १९७१

लीदा,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. पुढे ग्रोनिंगनचा मनोरा, मागे तीन शब्द: "सोमवारी होती. गुरुवारी?"

ते कार्ड आठ दिवस माझ्या खिशात आहे. मी त्याला उत्तर म्हणून चार पत्रे लिहिली, टपालात एकही टाकले नाही. पहिले खडूच्या प्रतीविषयी होते. बाकीच्या तिन्हींत काय होते ते सांगण्यासारखे नाही.

बुधवारी शाळेत मी फळ्याचा धडा शिकवत होतो. पान एकसष्ट आले. मी ते वाचले, विद्यार्थी हसले. मागच्या बाकावर या वर्षी एक मुलगी आहे, हेंगलोच्या बेकरीतून येते, फारसे बोलत नाही. तिने हात वर केला.

"सर, एक विचारू? ओतणाराच रेघ मारायला विसरला तर?"

मी म्हणालो, "विसरायचं नाही, हाच तर नियम आहे."

"हो, पण विसरला तर. मग दुसरा फळा बघणार, रेघ नाही, म्हणून तो ओतणार. त्याने तर नियम पाळला ना? मग पुस्तकातल्या त्या मुलीला कोणी विचारलं होतं का?"

कोणीतरी म्हणाले, "अगं, रेघ होती असं लिहिलंय की."

ती म्हणाली, "लिहिलंय खरं. पण ती कधी मारली ते नाही लिहिलेलं."

मी तास पंधरा मिनिटे आधी सोडला. तेवीस वर्षांत प्रथमच.

आता मी क्रमाने लिहितो, कारण मला दुसरी रीत येत नाही.

गुरुवारी सात शिक्षकांसमोर पोटॅशविषयी बोलताना मी केवळ बोललो नाही. मापलेला पोटॅश शेजारी तयार होता. वायू कसा सुटतो ते दाखवावे म्हणून मी तो तिसऱ्या काठवटीत ओतला. ओतताना बोलत होतो. ती बाई लिहून घेत होती, तिच्यासाठी वाक्य पुन्हा म्हटले. खडू माझ्या खिशात होता. बोलत बोलतच मी त्यांना घेऊन जिना उतरलो.

आम्ही खाली असताना तू दुकानातून आत आलीस. फळा वाचलास. त्या घाण्याच्या ओळीत काहीच नव्हते. म्हणून तू पोटॅश मापलास, ओतलास आणि रेघ मारलीस. तुझी रेघ. नियमाप्रमाणे, त्याच क्षणी.

शुक्रवारी कड खाल्ल्यावर मी फळ्यापाशी गेलो. सगळे जेवायला बसले होते. त्या घाण्याच्या ओळीत एकच रेघ होती, तुझी, डावीकडे झुकलेली. मी खिशातून खडू काढला आणि तिच्या आधी दुसरी मारली. सरळ. मी त्या वेळी स्वतःला काय सांगितले ते मला नीट आठवते: मी नोंद पूर्ण करतो आहे. पोटॅश खरोखर दोनदा पडला होता, तेव्हा दोन रेघा हव्यात. यात खोटे काय?

सोमवारी मी सर्वांना बोलावले आणि विचारले, "ही पहिली रेघ माझी. ती असताना दुसऱ्यांदा कोणी ओतलं?"

तू म्हणालीस, "मी. पण तेव्हा रेघ नव्हती."

मी म्हणालो, "फळ्यावर काय आहे ते वाच."

तू फळ्याकडे पाहिलेस. मग माझ्याकडे. तू परत म्हणालीस, "गुरुवारी नव्हती, बाबा." आई मध्ये पडली: "लीदा, पुरे. चूक झाली म्हण, माफी माग, विषय संपव." तू माफी मागितली नाहीस. मी ओला बोळा घेतला आणि सर्वांसमोर फळा पुसला, कारण सोमवार होता.

गुरुवारी रेघ नव्हती.

हे वाक्य लिहायला मला पाच वर्षे आणि तीन पत्रे लागली. माझा अंदाज होता की ते लिहिल्यावर हलके वाटेल. वाटत नाही. तू बावीस वर्षांची होतीस. तेव्हाच परीक्षा दिली असतीस तर आज तुझी स्वतःची भट्टी असती.

वही अजून माझ्याकडे आहे. येथे, या टेबलावर, एकट्याने सही करून ती टपालात टाकणे मला जमेना. तुला कवितेचा तो कागद सर्वांसमोर वाचावा लागला होता. शनिवारी सिंटरक्लास आहे. पाच तारखेला रविवार येतो म्हणून आपण चारलाच करतो. मला आठवडाभर दे. अर्जाची तारीख चुकणार नाही.

बाबा


डेव्हेंटर, रविवार, ५ डिसेंबर १९७१

लीदा,

काल संध्याकाळी नेहमीप्रमाणे सगळे जमले: टूनिस, भट्टीवरचे तिघे, दुकानातल्या दोघी आणि त्यांची माणसे. वाटाण्याचे दाट सूप झाले. आईने सर्वांच्या ताटलीपाशी ज्याच्या त्याच्या नावाचे चॉकलेटचे अक्षर ठेवले. ती दर वर्षी 'एल' दोन आणते. एक माझा, म्हणजे लुबर्टचा, एक तुझा. तुझा नंतर कपाटात जातो.

पुड्या निघू लागल्या. टूनिसच्या निवृत्तीवर कविता होती, की आता घोरायला दिवसही मोकळा. माझ्या नावाची पुडी शेवटी निघाली. ती मीच पिशवीत टाकली होती. मी उभा राहिलो. कोणीतरी म्हणाले, "बघा, सिंटने आज गुरुजींनाच धरलं." मी वाचले:

बोलत बोलत पोटॅश ओतला, खडू राहिला खिशात,
रेघ मागुन ओढुन सारा दोष लेकीच्या हिश्शात.

आधी हसू आले, यमकाला येते तसे. मग ते थांबले. दुकानातली एक जण म्हणाली, "म्हणजे काय, मालक?" तेव्हा मी कागद खाली ठेवला आणि मागच्या पत्रात तुला जे लिहिले ते सर्व सांगितले. शिक्षक, तळघर, कड, खडू. या वेळी मी काहीही समजावून सांगितले नाही. सांगून व्हायला दोन मिनिटे लागली. एवढी लहान गोष्ट होती ती.

टूनिस आपल्या चॉकलेटच्या 'टी'कडे बघत होता. तो म्हणाला, "त्या शुक्रवारी मी जेवायला वर गेलो नव्हतो. गुडघा दुखत होता. तळघराच्या जिन्यात बसलो होतो डबा घेऊन."

मी विचारले, "तू पाहिलंस?"

"दार उघडं होतं."

"पाच वर्षं, टूनिस. बोलला का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, मालक," तो म्हणाला, "फळ्यावर आहे तेच खरं. मी म्हटलं, मालकांनीच मारलीय, म्हणजे त्यांना माहीत असेल ती का मारली. आणि मग रोज वाटायचं, आज तेच सांगतील." त्याने 'टी' बाजूला सरकवला. "पोरगी स्टेशनला निघाली तेव्हा तिची पेटी मीच सायकलवर बांधून दिली. ती म्हणाली, 'टूनिसकाका, तुमचा तरी विश्वास आहे ना?' मी म्हटलं, 'गाडी चुकेल.'"

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला दोष देण्याचा हक्क माझ्याकडे नव्हता.

आई उठली, सर्वांना कॉफी दिली, केक कापला, कापांवर लोणी लावले. माझ्यापुढेही एक काप ठेवला. मग सगळे गेल्यावर म्हणाली, "लुबर्ट, ती पत्रं लिहीत होतास ना महिनाभर? पहिल्या पत्रात काय लिहिलंस तिला?"

मी म्हणालो, "राय, मध. मुरवणं."

"आणि?"

"चूक मान्य कर असं लिहिलं."

"तिने? तिने मान्य कर?"

मी हो म्हणालो. तिने माझ्यापुढची ताटली उचलली आणि काप न खाल्लेला तसाच आत नेला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी चर्चला ती एकटी गेली. तिचा राग किती दिवस राहील ते मला माहीत नाही, आणि तो जावा असे मागायचे धाडसही मला नाही.

आता जे केले आणि जे करणार ते लिहितो. छापखान्याला तिसरी आवृत्ती थांबवायला उद्या सकाळी सांगतो. पान एकसष्ट पुन्हा लिहायचे आहे, आणि या वेळी त्यात 'एक मुलगी' नसेल, 'या पुस्तकाचा लेखक' असेल. तुझ्या मुकादमाला त्याची पहिली प्रत मी स्वतः पाठवीन. परीक्षा मंडळाला सविस्तर पत्र लिहिले आहे. मी त्या मंडळावर आहे. ते मला ठेवतात की काढतात, ते त्यांनी ठरवावे.

आणि पान चौदा. वहीतले चुकीचे खोडताना एकच रेघ मारायची, म्हणजे खाली काय होते ते वाचता येते, हे मी तुला लहानपणी शिकवले होते. माझ्या जुन्या शेऱ्यावर मी काल, सगळे बसले असतानाच, तशी एकच रेघ मारली. खाली लिहिले आहे: "रेघ नव्हती. आधीचा पोटॅश माझ्या हातून पडला होता. लीदा रूसिंक हिने नियम पाळला. समाधानकारक." सही माझी, साक्ष टूनिसची. त्याचे अक्षर वाकडे आहे, पण नाव वाचता येते. रकाना तीन ओळींचा होता, त्यात बसले.

ही रेघही पाच वर्षे उशिरा मारली आहे. एवढेच की ती मारताना सगळे बघत होते.

मी तुला ये म्हणत नाही. ते म्हणण्याआधी आणखी काय करायला हवे, हे मला कळत नाही. तुला कळत असेल तर पोस्टकार्डावर लिही. तीन शब्द पुरतील.

बाबा

लीदा, मी आई. हे पत्र मी उघडून वाचलं, आणि वही पाकिटात घालू दिली नाही. टपालाच्या भरवशावर मी ती सोडत नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीने ती घेऊन मी स्वतः येतेय. त्या सोमवारी मी तुला माफी माग म्हणाले होते. ते मला तुझ्यासमोर उभं राहून परत घ्यायचंय. तुझे बाबा येणार नाहीत. त्यांनी विचारलं, मी नाही म्हटलं. कडा आणतेय, आणि दोन्ही 'एल'. स्टेशनवर आली नाहीस तरी चालेल, तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे आहे. पाच वर्षं होता.